विश्लेषण : स्वतःची रायफल स्वतः घडवणारे ब्राउनिंग कारखान्याच्या दारी का गेले?

बंदूक स्वतः घडवावी, की ते काम प्रशिक्षित कारागिरांवर आणि कारखान्यांवर सोडावे, हा वाद अमेरिकेत अनेक वर्षे सुरू आहे. स्वतः बंदूक घडवणाऱ्यांची परंपरा सांगताना तिथे जॉन मोझेस ब्राउनिंग यांचे नाव हटकून येते. लहानपणी भंगारातून बंदूक बनवणारा, तेविसाव्या वर्षी स्वतःच्या कल्पनेतून रायफल घडवणारा हा माणूस पुढे जगातील सर्वात प्रभावी शस्त्रसंशोधकांपैकी एक ठरला. मात्र त्यांनी आपल्या पहिल्याच रायफलीचे हक्क अवघ्या चार वर्षांत एका मोठ्या कारखान्याला विकले. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी बंदुका कल्पिल्या स्वतः, पण बनवून घेतल्या इतरांकडून. असे का घडले?

ब्राउनिंग कोण होते?

जॉन ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागातील ऑग्डेन या गावी झाला. हे गाव युटा प्रदेशात येते. युटाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेल्या या मुलखात रेल्वे पोहोचली ती १८६९ मध्ये. तोपर्यंत लागेल ती वस्तू गावातच बनवायची किंवा आहे तीच दुरुस्त करून वापरायची, असा तिथला शिरस्ता होता. शिकार, गुरांचे रक्षण आणि प्रवास यासाठी बंदूक लागे. ती बिघडली की गावकरी जॉन यांचे वडील जोनाथन ब्राउनिंग यांच्या दुकानात येत.

जोनाथन यांना तीन पत्नी आणि २२ मुले होती. एवढ्या मोठ्या कुटुंबातील जॉन यांनी पुढे ७१ वर्षांच्या आयुष्यात १२८ पेटंट मिळवली. रायफल, शॉटगन, पिस्तूल आणि मशीनगन या चारही प्रकारांत त्यांनी नवे तंत्र आणले. त्यांनी आराखडा केलेली काही शस्त्रे शंभर वर्षांनंतरही सैन्यांच्या वापरात आहेत. त्यांचे अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. त्यामुळे ‘स्वयंशिक्षित प्रतिभावंत’ अशी त्यांची ओळख रूढ झाली. ती पूर्णपणे खरी मात्र नाही.

वडिलांच्या दुकानात ते काय शिकले?

जोनाथन ब्राउनिंग यांचा जन्म १८०५ मध्ये टेनेसीत झाला. किशोरवयातच त्यांनी बिघडलेल्या बंदुका दुरुस्त करायला सुरुवात केली. दुरुस्ती जमत होती, पण बंदुकीची नळी घडवणे ही वेगळी विद्या होती. ती शिकण्यासाठी ते नॅशव्हिलमधील एका मुरलेल्या कारागिराकडे गेले. पुढे त्यांनी एकापाठोपाठ एक गोळ्या झाडता येतील अशा बंदुकाही बनवल्या. १८५२ मध्ये ते युटात पोहोचले. म्हणजे जॉन यांच्या घरात बंदूक बनवण्याचे ज्ञान आधीपासून होते आणि त्या ज्ञानाची सुरुवातही कोणाच्या तरी हाताखाली राहूनच झाली होती.

जॉन यांचे बालपण ऐरण, भाता, कानस आणि पायाने चालवायचा लेथ यांच्या संगतीत गेले. दुकानाच्या कोपऱ्यात मोडक्या बंदुकांच्या भागांचा ढीग असे. कोणता भाग कशाचा, तो का तुटला, कुठे झिजला, हे ओळखणे हाच त्यांचा खेळ होता. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी याच ढिगातून एक बंदूक तयार केल्याची हकीकत ब्राउनिंग कुटुंबात सांगितली जाते. मोडक्या बंदुकीची नळी, कुऱ्हाडीने तासलेला लाकडाचा दस्ता आणि दोन्ही एकत्र बांधायला तार, असा तो सगळा मामला होता. धाकटा भाऊ मॅथ्यू याला सोबत घेऊन जॉन रानात गेले आणि काही पक्षी मारून घरी आले. वडील रागावले नाहीत, पण त्यांनी कौतुकही केले नाही. दहा वर्षांच्या मुलाकडून याहून चांगल्या कामाची अपेक्षा आहे, एवढेच त्यांनी सुचवले. जॉन यांनी ती बंदूक खोलून तिचे भाग पुन्हा ढिगात टाकले. तेराव्या वर्षी मात्र त्यांनी मॅथ्यूसाठी नीट वापरता येईल अशी रायफल बनवली.

ही गोष्ट सहसा जन्मजात प्रतिभेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्यातील वडिलांचा भाग तेवढाच महत्त्वाचा आहे. मुलाच्या हाती आलेल्या वस्तूची पारख करणारा, ती अपुरी आहे हे स्पष्ट सांगणारा जाणकार घरातच होता. आजच्या भाषेत सांगायचे तर जॉन यांनी बालपणापासून तेवीस वर्षांचे होईपर्यंत प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण घेतले.

दुरुस्तीच्या कामाने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. नवी बंदूक विकणाऱ्याला ती चांगली चालताना दिसते. दुरुस्ती करणाऱ्याकडे ती बिघडल्यावर येते. चिखल गेला, पाणी शिरले, काडतूस अडकले, कमानी तुटली, अशा शेकडो कारणांनी निकामी झालेल्या बंदुका जॉन यांच्या हाताखालून गेल्या. त्यांच्या नंतरच्या आराखड्यांत भाग कमी, भक्कम आणि सहज सुटे करता येण्याजोगे असत. त्याचे मूळ या दुकानात होते.

पहिली रायफल कशी होती?

१८७८ मध्ये जॉन यांनी पूर्णपणे स्वतःच्या कल्पनेतून रायफल बनवायला घेतली. ती एका वेळी एकच गोळी झाडणारी होती. चापाखालची लिव्हर खाली ओढली की नळीचे मागचे तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा खाली सरके. काडतूस आत ठेवून लिव्हर वर घेतली की ठोकळा जागेवर बसून तोंड घट्ट बंद होई. या प्रकारच्या रायफली तेव्हा इतरही होत्या. जॉन यांची रचना त्यांच्यापेक्षा साधी आणि मजबूत होती.

आधुनिक यंत्रे त्यांच्याकडे नव्हती. बरेचसे भाग त्यांनी भट्टीत ठोकून, कानशीने घासून जुळवले. मे १८७९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १८७९ रोजी ते मंजूर झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे लग्न झाले आणि जूनमध्ये वडिलांचे निधन झाले. पेटंटचा कागद वडिलांना पाहता आला नाही. दुकान, मोठे कुटुंब आणि हाती एक नवी रायफल, असा सगळा भार चोविसाव्या वर्षी त्यांच्यावर आला.

स्वतःचा कारखाना का अपुरा पडला?

जॉन आणि त्यांच्या भावांनी ऑग्डेनमध्येच रायफल बनवायचे ठरवले. जागा घेतली, यंत्रे मागवली, भाऊभाऊ कामाला लागले. यंत्रे आली खरी, पण त्यांची मांडणी करून एकसारखे भाग कसे काढायचे हे भावांपैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. या वेळी फ्रँक रश्टन नावाचे एक इंग्रज बंदूक-कारागीर त्यांच्या मदतीला आले. मोठ्या प्रमाणावर काम करण्याची शिस्त या भावांनी त्यांच्याकडून घेतली. ब्राउनिंग बंधूंच्या दुकानासमोर काढलेल्या त्या काळातील प्रसिद्ध छायाचित्रात भावांसोबत रश्टनही उभे आहेत.

एका रायफलीची किंमत २५ डॉलर होती. माल खपत होता, मागणीही होती. तरी सुमारे तीन वर्षांत जेमतेम ६०० रायफली तयार झाल्या. हाताने केलेल्या कामात प्रत्येक रायफल थोडी वेगळी असते. एकीचा भाग दुसरीत बसवायचा तर पुन्हा कानस हातात घ्यावी लागते. कारखान्यात मोजमापांचे साचे आणि मापण्या असतात, कोणताही भाग कोणत्याही रायफलीत बसतो. हे साध्य करण्यासाठी लागणारे भांडवल, यंत्रे आणि अनुभवी माणसे ऑग्डेनमध्ये नव्हती.

दुसरी अडचण खुद्द जॉन यांची होती. त्यांच्या डोक्यात नवनव्या रचना येत होत्या आणि दिवस मात्र तोच नमुना पुन्हा पुन्हा काढण्यात जात होता. रायफल कल्पिणे आणि रायफल बनवत राहणे या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत आणि आपल्याला त्यांपैकी एकच करायची आहे, हे त्यांना या तीन वर्षांत उमगले.

विंचेस्टरशी करार कसा झाला?

१८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती ऑग्डेनमध्ये बनलेली एक वापरलेली रायफल पडली. त्याने ती न्यू हेवन येथील मुख्यालयाला पाठवली. विंचेस्टर तेव्हा अमेरिकेतील आघाडीची शस्त्र कंपनी होती. कंपनीचे व्यवस्थापक टी. जी. बेनेट ती रायफल पाहून रेल्वेने देशाच्या एका टोकाकडून थेट ऑग्डेनला आले. त्यांच्यासमोर एक छोटे दुकान आणि तिशीही न गाठलेले भाऊ होते. बेनेट यांनी ८ हजार डॉलरना रायफलीचे हक्क विकत घेतले.

या व्यवहाराचा अर्थ सोपा नव्हता. हक्क विकल्यानंतर स्वतः शोधलेली रायफल स्वतःच्याच दुकानात बनवण्याचा अधिकार जॉन यांच्याकडे उरला नाही. बाजारात ती ‘विंचेस्टर मॉडेल १८८५’ म्हणून आली. तिच्यावर ब्राउनिंग यांचे नाव मोठ्या अक्षरांत कुठेही झळकले नाही. कंपनीच्या अभियंत्यांनी कारखान्यात बनवण्याच्या दृष्टीने तिच्यात काही बदलही केले.

मोबदल्यात मिळाले ते मोकळे मन आणि वेळ. पुढची एकोणीस वर्षे जॉन नमुना बनवत, न्यू हेवनला नेत आणि कंपनी तो विकत घेई. या काळात कंपनीने त्यांचे ४० हून अधिक आराखडे घेतले. त्यातले बरेचसे उत्पादनात आलेच नाहीत. प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू नयेत म्हणूनही ते घेतले जात. जे आले त्यांत १८८६, १८९२ आणि १८९४ च्या लिव्हर रायफली होत्या. यातील १८९४ च्या रायफलीचे एकूण उत्पादन पुढे ७० लाखांवर गेले. ऑग्डेनच्या दुकानाच्या गतीने हा आकडा गाठायला हजारो वर्षे लागली असती.

हे नमुनेही जॉन एकट्याने करत नसत. ते आराखडा कागदावर फारसा काढत नसत, डोक्यातील रचना थेट धातूत उतरवत. त्यासाठी लागणारे यंत्रकाम त्यांचे सावत्र भाऊ एड करत. व्यवहाराची बाजू मॅथ्यू सांभाळत. एकट्याने बंदूक घडवणारा माणूस ही जी प्रतिमा आहे, तिच्यामागे असे अनेक हात होते.

प्रशिक्षित माणसांची गरज नेमकी कुठे लागते?

याचे सर्वात चांगले उत्तर १८९४ च्या रायफलीत सापडते. ती आखली गेली तेव्हा काडतुसांत जुनी काळी दारू असे. त्याच सुमारास धूरविरहित दारू आली. ती जळताना नळीत निर्माण होणारा दाब जुन्या दारूपेक्षा खूप अधिक होता. जुन्या पोलादाच्या नळीला तो पेलणारा नव्हता. ब्राउनिंग यांची रचना मजबूत होती, पण नळीचा धातू कमी पडला असता तर रचनेचा उपयोग नव्हता.

विंचेस्टरने यासाठी निकेलमिश्रित पोलादाच्या नळ्या तयार केल्या आणि १८९५ मध्ये धूरविरहित दारूच्या काडतुसासाठी हीच रायफल बाजारात आणली. पोलादात कोणता धातू किती मिसळायचा, ते किती तापवायचे, किती वेगाने थंड करायचे, भोक पाडताना ते कसे वागते, याचे ज्ञान एका माणसाच्या हातात मावणारे नाही. प्रयोगशाळा, भट्ट्या आणि चाचण्या यांतून ते येते. गोळी सुटते तेव्हा नेम धरणाऱ्याचा चेहरा त्या स्फोटापासून काही इंचांवर असतो. धातूत राहिलेली चूक डोळ्यांना दिसत नाही, ती एकदम फुटूनच समोर येते.

म्हणूनच युरोपात बंदुकीच्या नळ्या तपासणारी स्वतंत्र केंद्रे शतकानुशतके आहेत. बेल्जियममधील लिएज शहरात अशी व्यवस्था १६७२ पासून आहे. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून नळी चालवून पाहायची आणि टिकली तरच तिच्यावर शिक्का मारायचा, अशी ही पद्धत. बनवणाऱ्याने स्वतःच्याच कामाला प्रमाणपत्र देऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे. ब्राउनिंग यांचा पुढे याच शहराशी घनिष्ठ संबंध आला.

मग कंपनीशी फारकत का झाली?

१८८७ ते १८८९ ही दोन वर्षे जॉन बंदुकांपासून पूर्ण दूर होते. मॉर्मन पंथाच्या प्रचारकार्यासाठी ते दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात फिरत होते. परतल्यावर काही काळात त्यांचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे गेले. गोळी सुटताना नळीच्या तोंडातून जो वायू बाहेर पडतो, त्याच्या झोताने समोरचे गवत वाकते. ही ऊर्जा वाया जाते, तिच्यावर बंदूक आपोआप भरता आली तर? या विचारातून त्यांनी मशीनगन बनवली आणि ती कोल्ट कंपनीला दिली. पुढे स्वयंचलित पिस्तुले आली. १९०० च्या सुमारास त्यांनी एक गोळी सुटताच दुसरे काडतूस आपोआप पुढे घेणारी शॉटगन पूर्ण केली.

ही शॉटगन मोठी विकली जाणार याची त्यांना खात्री होती. त्यामुळे या वेळी त्यांनी एकरकमी पैसे न घेता प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरची तशी पद्धत नव्हती. बेनेट यांनी नकार दिला आणि एकोणीस वर्षांचे नाते संपले. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला गेले. ८ जानेवारी १९०२ रोजी ते कार्यालयात वाट पाहत असतानाच अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाल्याची बातमी आली. मग ते नमुना घेऊन थेट बेल्जियमला गेले.

यानंतर विंचेस्टरचे जे झाले ते या वादाची दुसरी बाजू दाखवते. कंपनीला तशीच शॉटगन हवी होती, पण ब्राउनिंग यांच्या पेटंटमुळे बाजूला ओढण्याची मूठ लावता येत नव्हती. कंपनीचे निष्णात अभियंते टी. सी. जॉन्सन यांनी त्यावर तोड काढली, ती म्हणजे नळीच हाताने मागे ढकलायची. ही बंदूक १९११ मध्ये आली. काडतूस अडकले की काही जण दस्ता जमिनीवर टेकवून, तोंड स्वतःकडे ठेवून नळीवर जोर देत. त्यातून अपघात झाले आणि बंदुकीला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले. १९२५ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कारखाना उत्तम, पोलाद उत्तम, अभियंता प्रशिक्षित, तरी मूळ रचना चुकली की धोका टळत नाही, हे यातून दिसले. बंदूक वापरणारा माणूस घाईत काय करेल, याचा विचार दुरुस्तीच्या दुकानात वाढलेल्या माणसाने बहुधा आधी केला असता.

बेल्जियममध्ये काय घडले?

लिएजजवळील हेर्स्ताल गावात ‘एफएन’ या नावाने ओळखला जाणारा शस्त्र कारखाना आहे. बेल्जियम सरकारला दीड लाख माउझर रायफली पुरवण्यासाठी तो १८८९ मध्ये उभा राहिला. ते काम संपत आल्यावर कारखान्याकडे आधुनिक यंत्रे आणि कुशल कामगार होते, बनवायला मात्र नवे काही नव्हते. ब्राउनिंग यांच्याकडे नेमके उलटे होते. दोघांचे १८९७ पासून पिस्तुलासाठी नाते जुळलेच होते, १९०२ मध्ये शॉटगनचा करार झाला. या वेळी रॉयल्टी मिळाली आणि नावही मिळाले. युरोपात ‘ब्राउनिंग’ हा शब्दच पिस्तुलासाठी वापरला जाऊ लागला.

याच कारखान्यातील पिस्तुलाने २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांचा बळी घेतला आणि त्यातून पहिले महायुद्ध पेटले. ऑग्डेनमध्ये हाताने घडवलेली रायफल आसपासच्या गावांत पोहोचत असे. कारखान्यात बनलेली वस्तू कोणाच्या हाती पडेल, यावर तिच्या निर्मात्याचा काहीच ताबा राहत नाही.

नाशिकशी ब्राउनिंग यांचा काय संबंध?

महाराष्ट्राला ‘ब्राउनिंग’ हे नाव त्याही आधी ठाऊक झाले होते. १९०९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत २० ब्राउनिंग पिस्तुले भारतात पाठवली. पेटीच्या चोरकप्प्यातून ती आली. त्यांपैकी एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सावरकरांवरील खटल्यातही या पिस्तुलांचा मुद्दा होता.

युटातील एका मॉर्मन कारागिराचे नाव अशा रीतीने नाशिकच्या न्यायालयीन कागदपत्रांत आणि मराठी क्रांतिकारकांच्या चरित्रांत येऊन बसले.

युद्धकाळात काय झाले?

अमेरिकी सैन्याने २९ मार्च १९११ रोजी ब्राउनिंग यांचे पिस्तूल स्वीकारले. त्याआधी एकाच पिस्तुलातून ६ हजार गोळ्या झाडून त्याची परीक्षा घेण्यात आली होती. कारखानदारीचा खरा कस लागला तो १९१७ मध्ये. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिच्याकडे पुरेशा मशीनगन नव्हत्या. ब्राउनिंग यांची पाण्याने थंड होणारी मशीनगन मे १९१७ मध्ये सरकारी चाचणीला आली. तिने २० हजार गोळ्या झाडल्या, तरी परीक्षकांचे समाधान होईना. तेव्हा ब्राउनिंग यांनी दुसरी मशीनगन आणली. ती ४८ मिनिटे १२ सेकंद अखंड चालली.

हे यश नमुन्याचे होते. हजारोंच्या संख्येने मशीनगन बनवायला वेस्टिंगहाउस, रेमिंग्टन आणि कोल्ट असे तीन कारखाने जुंपावे लागले. प्रत्यक्ष वापरात तिच्या सांगाड्याचा तळाचा भाग कमजोर असल्याचे आढळले आणि बाहेरून पोलादी आधार देऊन तो पक्का करावा लागला. चाचणीत न दिसलेला दोष सैन्याच्या आणि कारखान्यांच्या माणसांनी शोधला आणि दूर केला. ब्राउनिंग यांनी या युद्धासाठीच्या शस्त्रांच्या हक्कांपोटी सरकारकडून साडेसात लाख डॉलर घेतले. नगामागे रॉयल्टी घेतली असती तर रक्कम कितीतरी पट अधिक झाली असती.

शेवटचे पिस्तूल कोणाचे?

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यात काम सुरू असताना ब्राउनिंग यांना हृदयविकाराचा झटका आला. मुलगा व्हॅल यांच्या कार्यालयात त्यांचे निधन झाले. दोन मोठी कामे अपुरी होती. त्यांपैकी दुनळी शॉटगन व्हॅल यांनी पूर्ण केली.

दुसरे काम होते एका पिस्तुलाचे. त्याच्या पेटंटचा अर्ज १९२३ मध्ये केला होता, मंजुरी मात्र निधनानंतर १९२७ मध्ये मिळाली. ‘एफएन’मधील अभियंते द्यूदोने सेव्ह यांनी त्यावर पुढे अनेक वर्षे काम केले. अधिक काडतुसे मावणारी दुहेरी रांगेची पेटी ही सेव्ह यांची देणगी. १९३५ मध्ये हे ९ मिमी पिस्तूल ‘हाय-पॉवर’ नावाने आले आणि अनेक देशांच्या सैन्यांनी ते स्वीकारले. भारतातही त्याच धाटणीचे पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनवले गेले. पिस्तुलाला नाव ब्राउनिंग यांचे लागले. ते जितके त्यांचे, तितकेच सेव्ह यांचे आहे.

स्वतः बनवावे की तज्ज्ञांवर सोपवावे?

ब्राउनिंग यांचे आयुष्य या वादात दोन्ही बाजूंनी वापरता येते, पण अर्धेच वाचले तर. स्वतःच्या हाताने रायफल बनवल्यामुळे त्यांना तिचा प्रत्येक भाग कळला. ती समज नसती तर कारखान्यातील अभियंत्यांना न सुचलेल्या गोष्टी त्यांना सुचल्या नसत्या. आणि ज्या क्षणी प्रश्न पोलादाचा, मोजमापाचा, संख्येचा किंवा त्रयस्थ चाचणीचा झाला, त्या क्षणी ते बाजूला झाले आणि जाणकारांना पुढे केले. आपल्याला काय येते याइतकेच आपल्याला काय येत नाही, हेही त्यांना नेमके ठाऊक होते.

त्यांच्या नावाचा दाखला देणाऱ्यांच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. सुटे भाग जुळवणारा हौशी माणूस आणि ब्राउनिंग यांच्यात फरक आहे तो दुकानात घालवलेल्या वर्षांचा, चूक दाखवणाऱ्या वडिलांचा आणि यंत्रे लावून देणाऱ्या रश्टन यांचा.

भारतात हा प्रश्न हौसेवर सोडलेलाच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, विकणे, दुरुस्त करणे किंवा तिची चाचणी घेणे गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवण्याला केंद्रीय कायदा सरसकट मनाई करत नाही, तेथील राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. त्यामुळे तिथला वाद सुरूच राहणार.

ऑग्डेनच्या जुन्या रेल्वे स्थानकात आज ब्राउनिंग यांच्या शस्त्रांचे संग्रहालय आहे. ज्या रेल्वेने बेनेट १८८३ मध्ये या गावात आले आणि ज्या रेल्वेने पुढे जॉन यांचे नमुने न्यू हेवनला गेले, तिच्याच स्थानकाची ही इमारत. भावांच्या दुकानातून तीन वर्षांत सुमारे ६०० रायफली निघाल्या होत्या. बाकीच्या लाखो बंदुका या गावाबाहेरच्या प्रशिक्षित हातांनी बनवल्या.